स्वाध्यायातून सार्वजनिक आरोग्याकडे



वैद्य एका रुग्णाची नाडी पाहतो. सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक संपूर्ण गावाची प्रकृती पाहतो. सिंधुदुर्गाला हा भेद २०१६ साली फार जवळून कळला. त्या वर्षी दोडामार्ग तालुक्यातील केर परिसरात माकडतापाचे रुग्ण आढळले. १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेलेला हा रोग २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात दिसला होता. तो गोचिडीच्या चाव्यातून होतो आणि नेमका काजूच्या हंगामात बळावतो, कारण त्या दिवसांत माणसे पालापाचोळ्यात वावरत असतात. त्यावर रामबाण औषध नाही. मेलेल्या माकडाची खबर तत्काळ देणे, अंगाला गोचीडरोधक तेल लावणे आणि काजू वेचणाऱ्यांना आधीच सावध करणे, हीच खरी संरक्षक भिंत होय.

ही दृष्टी देणारे पदव्युत्तर शिक्षण तिरुवनंतपुरमच्या अच्युत मेनन केंद्रात १९९७ पासून दिले जाते. परंतु मालवणची आरोग्यसेविका किंवा देवगडचा औषधविक्रेता संसार व व्यवसाय सोडून एवढा काळ परगावी कसा राहणार? अशांसाठीच मुक्त शिक्षणाचे दार उघडले. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये, तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले. ज्यांची पदवी राहून गेली, त्यांची पहिली पायरी येथेच आहे. पुढे लंडन स्कूल ऑफ हायजिन अँड ट्रॉपिकल मेडिसिनचा सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर अभ्यासक्रमही घरी राहून करता येतो. मात्र त्याचे शुल्क पौंडांत भरावे लागते.

मुक्त विद्यापीठात घरी लिहावयाच्या प्रश्नोत्तरांना ‘स्वाध्याय’ म्हणतात. जैन परंपरेत स्वाध्याय हे आभ्यंतर तप असून वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश असे त्याचे पाच प्रकार आहेत. दूरस्थ विद्यार्थ्याची वाचना सहज होते. उणी पडते ती पृच्छना. समोर गुरू नसल्याने शंका मनातच राहते आणि पुस्तक मिटले जाते. म्हणून संपर्कसत्रे चुकवू नयेत, सहाध्यायी जोडावेत. अनुप्रेक्षेला मात्र स्वतःचे गावच प्रयोगशाळा ठरते. कोणत्या वाडीत पावसाळ्यानंतर ताप वाढला, कोणत्या विहिरीचे पाणी कोण पितो, याची नोंद ठेवणारा विद्यार्थी शहरातील वर्गापेक्षा मागे राहत नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ही पदवी रुग्णांवर औषधोपचार करण्याचा परवाना देत नाही. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, अन्न व पोषणशास्त्र, जैवतंत्रज्ञान आदी विषय दूरस्थ पद्धतीने शिकविण्यास मनाई केली. म्हणून आयोगाची मान्यता त्याच अभ्यासक्रमाला व त्याच वर्षासाठी आहे काय, आणि इच्छित नोकरीत ती पदवी ग्राह्य धरली जाते काय, हे शुल्क भरण्यापूर्वी तपासावे. आकर्षक जाहिरात म्हणजे मान्यता नव्हे. कष्टाने साठवलेला पैसा आणि उमेदीची दोन-तीन वर्षे, दोन्ही पुन्हा मिळत नाहीत.

औषधदान आणि ज्ञानदान ही दोन्ही श्रेष्ठ दाने मानली जातात. एखाद्या होतकरू मुलीच्या या शिक्षणाला समाजाने हात दिला, तर ती दोन्ही एकाच वेळी घडतात. एका रुग्णाचे औषध एका घराला आधार देते. आरोग्याचा जाणता माणूस साऱ्या वाडीला देतो.