परत येणारी लाट



माझे शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे आयुष्य उद्यमनगरात, आधी भट्टीपाशी आणि मग युनियनच्या कामात गेले. अशा माणसाने या व्यासपीठावरून बिनतारी विद्येवर बोलावे याचे आपल्याला नवल वाटेल. मलाही वाटते.

२०१९ च्या ऑगस्टात महापुराने शिरोळ तालुक्यातील गावे वेढली. वीज गेली, मोबाईल मुके झाले. माझ्याजवळ हौशी बिनतारी केंद्राचा परवाना होता. एका गावात पत्र्याच्या शेडवर तार ताणली आणि मोटारीच्या बॅटरीवर संच सुरू केला. कोल्हापुरातल्या मित्राला माझा आवाज जेमतेम पोचे, मधेच तुटे. पाठवलेली शक्ती परत येते आहे असे संचावरचा काटा सांगत होता. काटा मला वाचता येत होता. इलाज ठाऊक नव्हता. एका आजीबाईंच्या औषधाचा निरोप मी अकरा वेळा सांगितला. औषध पोचले, पण दुसऱ्या दिवशी.

आता ही शक्ती परत का येते? रंकाळ्याची लाट काठच्या दगडी भिंतीवर आपटली की मागे फिरते, उतरत्या काठावर मात्र विरून जाते. केबलचेही तसेच. तिचा स्वतःचा एक स्वभाव असतो, त्याला प्रतिबाधा म्हणतात. माझ्या केबलची ५० ओहम. टोकाला एरियलही तेवढेच भेटले तर ते सगळी लाट सामावून घेते. नाहीतर काही भाग मागे फिरतो. परतलेली सगळीच शक्ती वाया जाते असे नाही, पण हल्लीचे संच स्वतःचा जीव वाचवण्यासाठी आपला जोरच कमी करतात. इंपीडन्स हा इंग्रजी शब्द रूढ करणारा ऑलिव्हर हेविसाइड सोळाव्या वर्षी शाळा सुटलेला आणि तारयंत्रावर नोकरी केलेला माणूस होता. हे मी मुद्दाम सांगतो.

पूर ओसरल्यावर पुस्तके आणली. त्यातल्या काल्पनिक संख्यांपाशी मी तीन महिने अडलो. मग भेटला स्मिथचा तक्ता. बेल टेलिफोन प्रयोगशाळेतल्या फिलिप स्मिथने तो जानेवारी १९३९ मध्ये प्रसिद्ध केला. जपानात मिझुहाशीने १९३७ मध्येच तशी युक्ती मांडली होती. एका मोठ्या वर्तुळात एकमेकांना छेदणारी कितीतरी वर्तुळे आणि कमानी. मधोमध गाठ पडली की जुळणी पुरी. कडेवर गेलात की सगळी लाट परत. वरचा अर्धा भाग कॉइलच्या जातीचा, खालचा कंडेन्सरच्या. केबलवरून अर्धी तरंगलांबी सरकलात की तक्त्यावर एक पूर्ण फेरा होतो.

पुन्हा त्याच शेडवर तीच तार ताणली आणि उसन्या यंत्राने एरियलपाशीच माप घेतले. २५ ओहम रोध, आणि कॉइलच्या जातीचा अडथळा तोही २५. तार थोडी लांब राहिली होती, पत्राही फार जवळ होता. दोन्ही आकड्यांना ५० ने भागले, अर्धा आणि अर्धा आला. तिथे टिंब दिले. टिंबाचे केंद्रापासूनचे अंतर सांगते की शंभरातली वीस शक्ती मागे फिरते. मग पट्टी ठेवून केंद्राच्या पलीकडे तितक्याच अंतरावर दुसरे टिंब दिले. हा समांतर जोडणीचा हिशेब. ते टिंब नेमके एक आकड्याच्या वर्तुळावर पडले! आता त्या वर्तुळावरून केंद्राकडे चालत जायचे, आणि ती वाट एकटा कंडेन्सर चालवतो. ७.१ मेगाहर्ट्झला सुमारे ४५० पिकोफॅरड. तो एरियलच्या दोन टोकांत जोडला आणि काटा शून्याला टेकला. मी पत्र्यावर तसाच बसून राहिलो. चार रुपयांची वस्तू, आणि पुरात ती माझ्या डब्यात पडलेली होती.

दर रविवारी संध्याकाळी युनियनच्या कचेरीत आठ-दहा पोरे हा तक्ता शिकतात. त्यांतला एक मोल्डर माझ्या चुका काढतो. दाराशी छापील तक्ते ठेवले आहेत, जाताना एकेक घ्या. कंपास आणि पट्टी मात्र घरून आणावी लागेल.