परक्या गावची लेकरे

(मंडळाच्या वर्धापनदिन समारंभात केलेले भाषण)



वर्धापनदिनी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली, तेव्हा विषय शोधायला मला दूर जावे लागले नाही. हल्ली आपल्या मंडळात दोन बायका भेटल्या की पहिला प्रश्न ठरलेला, "तुमची मुलगी सध्या कुठे?" आणि उत्तरात जर्मनी, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया अशी निम्मी भूगोलाची उजळणी होऊन जाते. २०२४ साली सरकारने संसदेत दिलेल्या आकड्याप्रमाणे १३ लाखांहून अधिक भारतीय विद्यार्थी परदेशात शिकत होते. त्यांतली आपल्या चार इमारतींतली मोजू लागले तर दोन्ही हातांची बोटे पुरत नाहीत.

शिक्षण म्हटले की आपण गुण, फी आणि कर्जाचे हप्ते यांचा हिशेब मांडतो. तो मांडावाच लागतो. पण घर सोडून गेलेल्या मुलाची पहिली परीक्षा कॉलेजात होत नसते. ती होते परक्या गावातल्या एखाद्या बंद दारापुढे. ते दार कोण उघडते आणि कसे उघडते, यावर पुढचे पुष्कळ काही अवलंबून असते. हे मी माझ्या मनाचे सांगत नाही. आपल्याच लोकांच्या चरित्रांत ते लिहिलेले आहे.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव आपल्याला शाळेपासून पाठ आहे. १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्या कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेस निघाल्या आणि १८८६ च्या मार्च महिन्यात फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडल्या. हे सगळे आपण सांगतो. पण न्यू जर्सीतील रोझेल या गावच्या कार्पेंटरबाईंचे नाव किती जणींना आठवते? या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता, तिथल्या एका मासिकात त्यांना गोपाळरावांचे पत्र छापलेले दिसले. हिंदुस्थानातल्या एका मुलीला शिकायचे आहे, एवढेच त्यांना त्यातून कळले. ना ओळख, ना देख; धर्म वेगळा, भाषा वेगळी. तरी त्यांनी पत्र लिहिले आणि पुढे आपले घर त्या मुलीला खुले केले. आनंदीबाईंनी शाकाहार सोडला नाही की साडी सोडली नाही, आणि त्या घराने त्यांना ती सोडायला लावली नाही. पुढे कॉलेजासाठी फिलाडेल्फियाला राहावे लागले. तिथली थंडी आणि सवयीचे अन्न मिळण्याची पंचाईत यांनी मुळातच नाजूक असलेली प्रकृती आणखी खालावली. १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात त्यांचा अंत झाला, तेव्हा बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांच्या अस्थी अमेरिकेत कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या आणि त्या कुटुंबाच्या दफनभूमीत विसावल्या. पोटच्या मुलीसाठी याहून अधिक कोणी काय करावे?

आता दुसऱ्या बाजूचे चित्र पाहा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांना कोणी जात विचारली नाही. पुढे लंडनला जाऊन ते १९१७ साली बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा एवढ्या शिकलेल्या माणसाला राहायला खोली मिळेना. नाव बदलून ते एका पारशी उतारगृहात राहिले. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेली माणसे जिन्यावर येऊन उभी राहिली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा दम भरून गेली. दोन मित्रांकडे त्यांनी शब्द टाकला. दोघांनी दोन निमित्ते सांगितली. रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते सार्वजनिक बागेत बसून राहिले आणि मग मुंबईस परतले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. परदेशात दार उघडे आणि स्वदेशात बंद, हा अनुभव आपल्या देशातल्या विद्यार्थ्याला आला, हे आपण विसरता कामा नये.

म्हणून मला साताऱ्याच्या लक्ष्मीबाई पाटील फार मोठ्या वाटतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला शाहू छत्रपतींचे नाव मिळाले. भाऊराव देणग्यांसाठी गावोगाव हिंडत, आणि घरी मुलांची चूल पेटती ठेवायची ती लक्ष्मीबाईंनी. त्या सोवळ्याओवळ्याच्या वळणात वाढलेल्या. तरी एका पंक्तीत सगळ्या जातींची मुले त्यांनी पोटच्या मुलांसारखी जेवू घातली. कोठीत दाणा उरला नाही तेव्हा अंगावरचे दागिने गेले, आणि शेवटी मंगळसूत्रही गेले. १९३० साली त्या वारल्या. रयत शिक्षण संस्थेतून आजवर लाखो मुले शिकून गेली. त्या वटवृक्षाला पहिले पाणी घालणाऱ्यांत ही एक बाई होती.

आणि आपल्या पुण्यात काय झाले? फर्ग्युसन कॉलेजच्या वसतिगृहाचे रेक्टर डॉ. शां. ब. मुजुमदार यांना एक मुलगी एका मुलाच्या खिडकीतून रोज काहीतरी देताना दिसली. चौकशी केली तर तो मॉरिशसचा विद्यार्थी काविळीने आजारी होता, आणि ती त्याच्यासाठी जेवण आणत होती. परदेशी मुलांचे इथे कोणी नाही, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली, आणि त्यातून १९७१ साली सिंबायोसिस उभे राहिले. एवढ्या मोठ्या संस्थेच्या मुळाशी एक जेवणाचा डबा आहे!

भगिनींनो, आता आपल्या गल्लीकडे वळते. माझी नात जर्मनीत शिकते. पहिले दोन महिने तिला खोली मिळेना. जिथे जावे तिथे, "परदेशी विद्यार्थ्यांना देत नाही." शेवटी एका वृद्ध बाईंनी माळ्यावरची खोली दिली. नात तापाने पडली तेव्हा त्यांनी दारापाशी सूपाचे भांडे आणून ठेवले. फोनवर हे ऐकताना माझे डोळे भरून आले. त्याच संध्याकाळी फिरायला निघाले, तर आपल्याच एका इमारतीच्या फाटकावर पाटी दिसली: "विद्यार्थ्यांना जागा मिळणार नाही."

लातूरहून, यवतमाळहून, नंदुरबारहून स्पर्धा परीक्षांसाठी आलेली मुले आपल्या आजूबाजूला राहतात. एका खोलीत चार-चार खाटा, मेसचा डबा, आणि निकालाची धास्ती. ईशान्येकडच्या मुलींना तर आडनाव, चेहरा आणि स्वयंपाकाचा वास या तीन कारणांसाठी नकार मिळतो. त्यांच्या आयाही कुठेतरी फोन कानाला लावून बसलेल्या असतील. आपल्या मुलांसाठी जे दार उघडावे म्हणून आपण देवाला हात जोडतो, तेच दार दुसऱ्यांच्या मुलांसाठी आपण लावून घ्यावे काय?

कोणी म्हणेल, मुले रात्री-अपरात्री येतात, गलका करतात, भाडे थकवतात. हे कधीकधी खरेही असते. म्हणून नियम करावेत, करार लिहून घ्यावा, पोलिसांत नोंद करावी, पालकांचा आणि कॉलेजाचा नंबर घ्यावा. हे सगळे विचारावे. जात मात्र विचारू नये आणि ताटात काय आहे ते पाहू नये. चार मुलांच्या गोंगाटाची शिक्षा चारशे मुलांना देणे न्यायाचे होणार नाही.

यंदाच्या वर्षासाठी मंडळापुढे मी तीन सूचना ठेवते. एक, ज्यांच्याकडे खोली रिकामी आहे त्यांची नोंदवही मंडळाच्या कार्यालयात असावी, म्हणजे मुलांना दलालाचे पाय धरावे लागणार नाहीत. दोन, पूर्वी पुण्यात गरीब विद्यार्थ्यांना घरोघरी वार लावून देत. त्या प्रथेत जातीची भिंत होती. ती भिंत पाडून प्रथा तेवढी घ्यावी, आणि प्रत्येकीने आठवड्यातून एका विद्यार्थ्याला आपल्या घरी जेवायला बोलवावे. तीन, आजारी पडलेल्या मुलाला डॉक्टरकडे नेणाऱ्या पाच जणींची नावे फोन नंबरांसह फलकावर लागावीत. यांपैकी एकाही गोष्टीला वर्गणी लागत नाही. मंगळवारचा वार मी आजच माझ्याकडे घेते. उरलेले सहा तुमच्यासाठी मोकळे आहेत. आणि फाटकावरची ती पाटी पुढच्या वर्धापनदिनाआधी उतरावी, अशी त्या इमारतीतल्या भगिनींना माझी हात जोडून विनंती आहे.