वायू निघाला, नत्र उरले



नाशिक महानगरपालिकेने जर्मन शासनाच्या साहाय्याने विल्होळी येथे उभारलेला प्रकल्प 2017 मध्ये सुरू झाला. उपाहारगृहांतील वाया गेलेले अन्न व सार्वजनिक शौचालयांतील मैला एकत्र कुजवून जैववायू आणि त्यापासून वीज मिळवावी, अशी ही योजना. अशा प्रकल्पांपासून वीज किती मिळेल, हे सर्वजण विचारतात. टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे पुढे काय, हे मात्र क्वचितच विचारले जाते. आज त्या पाण्याविषयी बोलावयाचे आहे.

बंद टाकीत जीवाणू अन्नातील कर्बाचा वायू करतात व तो निघून जातो. नत्राचे तसे होत नाही. डाळी, दूध, मांस यांतील प्रथिनांत वजनाच्या सुमारे 16 टक्के नत्र असते. प्रथिने कुजली की त्याचा अमोनिया होतो आणि तो पाण्यात राहतो. शहरी सांडपाण्यात दर लिटरला साधारणतः 20 ते 50 मिलिग्रॅम अमोनियारूपी नत्र असते. खरकट्याच्या टाकीतील पाण्यात ते कित्येकदा 2 ते 4 ग्रॅम, म्हणजे सुमारे शंभरपट भरते.

असे पाणी नाल्यात सोडल्यास मासे मरतात, पाणवेली फोफावतात. नदीनाल्यांत सोडावयाच्या पाण्यासाठी अमोनियारूपी नत्राची मर्यादा लिटरला 50 मिलिग्रॅम आहे. जमिनीत मुरल्यास त्याचे नायट्रेट होऊन ते विहिरीत उतरते. पिण्याच्या पाण्यात 45 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट तान्ह्या बालकांस अपायकारक ठरते. लिटरला 3 ग्रॅम नत्र धरल्यास, अशा 1,000 लिटर पाण्यातील नत्र सुमारे 3 लाख लिटर शुद्ध पाणी या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवू शकते.

शुद्धीकरणाची रूढ रीत दोन टप्प्यांची आहे. प्रथम हवा देऊन अमोनियाचे नायट्रेट करावयाचे. नंतर हवा बंद ठेवून नायट्रेटचा निरुपद्रवी नत्रवायू करावयाचा. पहिल्या टप्प्यात दर किलो नत्रास सुमारे साडेचार किलो प्राणवायू लागतो, म्हणजे वीज खर्ची पडते. दुसऱ्यात जीवाणूंना कर्ब लागतो, आणि तो तर आपण वायूच्या रूपाने आधीच काढून घेतलेला असतो! नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे 2002 पासून कमी हवेत व बाहेरच्या कर्बावाचून काम करणारे जीवाणू वापरात आले. परंतु त्यांची वाढ संथ असून त्यांना कुशल देखरेख लागते.

ग्रामपंचायतीस सोयीचा मार्ग शेताचा. वरील हिशेबाने 1,000 लिटर पाण्यात 3 किलो नत्र, म्हणजे सुमारे साडेसहा किलो युरियाइतके नत्र असते. मात्र ते पिकाच्या गरजेपुरते द्यावे, विहिरीपासून दूर द्यावे, मुसळधार पावसात देऊ नये व लगेच मातीआड करावे. मैला मिसळलेले पाणी कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना देऊ नये.

स्वच्छ भारत अभियानातील गोबरधन योजनेमुळे 2018 पासून असे प्रकल्प गावांपर्यंत पोहोचू लागले आहेत. आपल्यापुढे प्रस्ताव येईल तेव्हा टाकीच्या आकाराबरोबरच या पाण्यासाठी किती एकर शेत निश्चित केले आहे, हेही विचारावे. शेत नसेल, तर शुद्धीकरणाचा खर्च अंदाजपत्रकात धरला आहे काय, हे पाहावे. उत्तर मिळेपर्यंत मंजुरीची घाई करू नये, एवढीच विनंती.