दुसऱ्या पसंतीचा आकडा

राष्ट्रपतीची निवडणूक ही आपल्या बेळगाव-निपाणीकडील माणसास नेहमीच परक्या घरच्या लग्नासारखी वाटत आली आहे. आपल्या बोटाला शाई लागत नाही, गल्लीतून प्रचाराची गाडी फिरत नाही. एके दिवशी वर्तमानपत्रात नाव येते, एवढेच. पण त्या निवडणुकीत आपलेही काही देणे-घेणे असते, आणि ते वजनमापासह मोजून ठेवलेले असते. आज त्याच हिशेबाविषयी थोडे बोलावयाचे आहे.

राष्ट्रपतीस निवडून देतात ते संसदेचे आणि राज्यांच्या विधानसभांचे निर्वाचित सभासद. आमदाराच्या मताचे मूल्य मात्र राज्याराज्यांत निराळे असते. राज्याची लोकसंख्या घ्यावयाची, तिला आमदारांच्या संख्येने भागावयाचे, आणि आलेल्या आकड्यास पुन्हा एक हजाराने भागावयाचे. ही लोकसंख्या आजही १९७१ च्या जनगणनेची धरतात. त्यामुळे निपाणीच्या आमदाराचे मत १३१ चे होते, आणि त्याच महामार्गाने कोल्हापूरच्या दिशेने थोडे पुढे गेल्यावर लागणाऱ्या कागलच्या आमदाराचे मत १७५ चे. एक मत द्यावयास बेंगळुरूला जातो, दुसरा मुंबईला. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत जर एकाच मालाला दोन तराजू लावले, तर केवढा गिल्ला होईल! येथे तो होत नाही, कारण अन्याय कोणी केलेला नाही. तो भागाकाराचा परिणाम आहे. मात्र कोणत्या राज्याच्या भागाकारात आपण पडावयाचे, हे येथल्या मतदारास कोणी विचारले नव्हते. १९५२ साली बेळगावच्या आमदारांनी मुंबई राज्याचे सभासद म्हणून राष्ट्रपतीसाठी मत दिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, आणि १९५७ साली तेच मत म्हैसूरच्या खात्यात जमा झाले.

आता राष्ट्रपतीचे आसन मध्येच रिकामे झाले तर काय? राष्ट्रपतीने राजीनामा द्यावयाचा झाल्यास तो उपराष्ट्रपतीकडे द्यावा, उपराष्ट्रपतीने तात्पुरता कारभार पाहावा, आणि सहा महिन्यांच्या आत नवी निवडणूक व्हावी, असे घटना सांगते. प्रत्यक्षात आजवर एकाही निर्वाचित राष्ट्रपतीने राजीनामा दिलेला नाही. पण १९६९ साली जे घडले, त्याने घटनाकारांनाही कोड्यात टाकले असते.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचे निधन झाले आणि उपराष्ट्रपती वराहगिरी वेंकट गिरी काम पाहू लागले. पुढे गिरींनी स्वतःच निवडणुकीस उभे राहावयाचे ठरविले. उपराष्ट्रपतीने राजीनामा द्यावयाचा तो राष्ट्रपतीकडे. आणि राष्ट्रपतीचे काम तर तेच पाहत होते! बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम १९ जुलै रोजी निघाला, आणि दुसऱ्याच दिवशी गिरींनी दोन्ही जबाबदाऱ्या सोडल्या. सुदैवाने त्याच वर्षीच्या मे महिन्यात संसदेने एक कायदा करून ठेवला होता की, ही दोन्ही स्थाने मोकळी पडल्यास सरन्यायाधीशांनी काम पाहावे. त्याप्रमाणे सरन्यायाधीश हिदायतुल्ला महिनाभर राष्ट्रपतिभवनात गेले. जुन्या नागपूर उच्च न्यायालयाचे ते एके काळचे मुख्य न्यायमूर्ती.

१६ ऑगस्टला मतदान झाले. उमेदवार पंधरा. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी. परंतु इंदिरा गांधींच्या गोटातून विवेकबुद्धीस स्मरून मत देण्याची हाक निघाली, आणि पक्ष दुभंगला. जनसंघ व स्वतंत्र पक्षाने ज्यांना पुढे केले ते चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून त्यांचे नाव सर्वत्र होते. आपल्याकडे मात्र ते निराळ्याच कारणाने घरोघर पोहोचले होते. ज्या पुनर्रचनेने बेळगाव म्हैसूरला गेले, तिच्याच वेळी मुंबईचा प्रश्न पेटला होता, आणि मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या निषेधार्थ केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे ते देशमुख. उमेदवारांत आणखी एक मराठी नाव होते, दलित चळवळीतील पां. ना. राजभोज यांचे. त्यांना ८३१ मूल्याची मते पडली. एका उमेदवारास बरोबर ५७६ पडली. तेव्हा एका खासदाराच्या मताचे मूल्यच ५७६ होते, म्हणजे त्याच्यामागे सबंध देशात बहुधा एकच खासदार उभा राहिला!

एकूण वैध मते ८,३६,३३७. विजयास निम्म्याहून अधिक, म्हणजे ४,१८,१६९ हवीत. गिरींना पहिल्या पसंतीची ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९. कोणीच मजल गाठली नव्हती. अशा वेळी शेवटच्या उमेदवारापासून एकेकास बाद करीत जातात, आणि त्याच्या मतपत्रिकेवर दुसऱ्या पसंतीचा आकडा ज्याच्या नावापुढे असेल त्याच्याकडे ते मत वळवितात. देशमुखांपर्यंत सारे बाद झाले, तेव्हा रेड्डींच्या पदरात ९१,८७९ ची भर पडली आणि गिरींच्या पदरात अवघ्या १८,५६२ ची. तरीही गिरी ४,२०,०७७ वर पोहोचले आणि रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. गिरींकडील तेरा खासदारांनी जरी रेड्डींना मत दिले असते, तरी देशाचा राष्ट्रपती बदलला असता. शिवाय १०,८३३ मूल्याची मते वाटेतच विरून गेली, कारण त्या मतपत्रिकांवर पुढची उपयोगी पडणारी पसंती नव्हती. आपला माणूस पडणार हे ठाऊक असताही ज्यांनी पुढचे नाव लिहिण्याचा कंटाळा केला, त्यांचे मत मोजणीच्या अखेरीस कोणाच्याच बाजूस नव्हते. मला ह्या सबंध प्रकरणात हाच आकडा सर्वांत बोलका वाटतो.

१९७७ साली ही गोष्ट आपल्या आणखी जवळ आली. ११ फेब्रुवारीस राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद वारले आणि उपराष्ट्रपती बी. डी. जत्ती यांनी सूत्रे हाती घेतली. जत्ती जमखंडीकडचे, पटवर्धनांच्या संस्थानात वाढलेले, पुढे मुंबई राज्यात उपमंत्री व म्हैसूरचे मुख्यमंत्री. सहा महिने भरण्याच्या आत, २५ जुलैस, त्यांनी आसन सोडले; आणि त्यावर बसले, यंदा बिनविरोध, तेच संजीव रेड्डी.

उपराष्ट्रपतीची निवड याहून सोपी. तेथे आमदारांना मतच नाही. २१ जुलै २०२५ रोजी जगदीप धनखड यांनी राजीनामा दिल्यावर ९ सप्टेंबरला केवळ खासदारांनी मतदान केले, आणि त्या वेळी महाराष्ट्राचे राज्यपाल असलेले सी. पी. राधाकृष्णन ४५२ विरुद्ध ३०० मतांनी निवडून आले. बेळगावच्या वा निपाणीच्या आमदारास त्या दिवशी काहीच काम नव्हते.

राष्ट्रपतीच्या निवडणुकीत मात्र ते असते, आणि सीमाभागास त्याचे मोल इतरांहून अधिक असावयास हवे. राज्याच्या सीमा बदलणारे विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीवाचून संसदेत मांडताच येत नाही, असे घटनेचे तिसरे कलम आहे. ही शिफारस मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच होते, हे खरे. महाराष्ट्र शासनाने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तो मार्गही निराळा. पण सही लागते ती त्याच आसनावरच्या माणसाची, आणि त्या माणसाच्या निवडीत निपाणीचे १३१ असतात. पक्षाला त्या मतासाठी व्हिप काढता येत नाही, आणि मतपत्रिका गुप्त असते. तेव्हा पुढच्या खेपेस आमदार दारी मत मागावयास येतील, तेव्हा रस्त्याचे आणि पाण्याचे विचारून झाल्यावर त्यांना एवढेही विचारावे की, राष्ट्रपतीच्या निवडणुकीत आपण दुसऱ्या पसंतीचा आकडा घालता, की तो रकाना कोराच ठेवता?