औषध थेट गाठीपर्यंत
(गणेशोत्सवातील आरोग्यविषयक व्याख्यान)



उत्सवाच्या मांडवात कॅन्सरचा विषय काहींना अवघड वाटेल. पण इथे इंदूरमध्ये तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांचे नातेवाईक हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. "डॉक्टरसाहेब, जबडा कापण्यापेक्षा औषध थेट गाठीतच सोडता येत नाही का?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आज देतो.

हाताच्या शिरेतून दिलेली केमोथेरपी हृदयात जाते आणि तिथून अंगभर पसरते. गाठीच्या वाट्याला त्यातला थोडाच भाग येतो. उलट्या, किडनीवरचा ताण, कानांवरचा परिणाम मात्र भोगावा लागतो. आता मानेवर, जबड्याखाली बोट ठेवा. ठोका लागतो ना? ती कॅरोटिड धमनी. तिच्या बाहेरच्या फाट्याच्या शाखा जीभ, गाल आणि वरच्या जबड्याला रक्त पुरवतात. ज्या शाखेवर गाठ पोसली जाते, तिच्यातच बारीक नळी नेऊन औषध सोडायचं, असा हा उपचार. नळी जांघेतल्या धमनीतून वर नेतात किंवा कानापुढच्या धमनीतून आत सरकवतात.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत क्लॉप यांनी 1950 मध्ये धमनीतून औषध देण्याचे अनुभव मांडले. पुढे तिथेच रॉबिन्स यांनी सिस्प्लॅटिन मोठ्या मात्रेत धमनीतून द्यायला सुरुवात केली. त्याच वेळी शिरेतून सोडियम थायोसल्फेट देत, म्हणजे बाकीच्या शरीरात गेलेलं सिस्प्लॅटिन निकामी होई. जोडीला रेडिएशन. गाठी विरघळू लागल्या आणि साहजिकच आशा वाढली.

मग नेदरलँड्समध्ये त्याची कसोटी लागली. शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या, चौथ्या टप्प्यातल्या 239 रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. सिस्प्लॅटिन आणि रेडिएशन दोघांनाही. एकाला औषध धमनीतून, दुसऱ्याला शिरेतून. 2010 मध्ये निष्कर्ष छापून आले. धमनीच्या गटात किडनीचा त्रास कमी होता, पण मज्जासंस्थेचे त्रास जास्त. गाठ आटोक्यात राहणं आणि रुग्णाचं आयुष्य, यांत धमनीचा मार्ग सरस ठरला नाही.

यातल्या अडचणी समजून घ्या. कॅरोटिडचा दुसरा फाटा मेंदूला जातो. नळी फिरवताना रक्ताची गुठळी तिकडे गेली तर अर्धांगवायूचा धोका. मोठी गाठ बहुधा एकापेक्षा जास्त शाखांवर जगते. शिवाय कॅन्सर मानेतल्या गाठींमध्येही उतरतो. जपानमध्ये मात्र गालाच्या हाडामागच्या सायनसच्या कॅन्सरसाठी तज्ज्ञ केंद्रं हा उपचार करतात, कारण तिथे शस्त्रक्रियेत कधी कधी डोळाही गमवावा लागतो.

म्हणून सांगतो, तोंडाच्या कॅन्सरमध्ये शस्त्रक्रिया शक्य असेल तर तिलाच पहिला मान. मग गरजेप्रमाणे रेडिएशन आणि केमो. कोणी "बिनकापाकापी"चा उपचार सुचवला तर तीन गोष्टी विचारा. गाठ काढता येण्यासारखी आहे का? सर्जन, रेडिएशनचे आणि केमोचे डॉक्टर यांनी एकत्र बसून ठरवलंय का? नेहमीच्या उपचारापेक्षा यात जास्त काय मिळेल? ही चौकशी लगेच करा. दुसरं मत जरूर घ्या, पण त्यात महिने घालवू नका. आज काढता येणारी गाठ उशिरामुळे हाताबाहेर जाऊ शकते.

आणि गाठ लहान असतानाच सापडली, तर हे प्रश्न पुष्कळदा उद्भवतच नाहीत. घरी गेल्यावर आरशासमोर तोंड उघडा. तीन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, मानेत गाठ, तोंडात तीन बोटं उभी न मावणं, यांतलं काहीही दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला ते दुखत नाहीच. मध्य प्रदेशात 2012 मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण पानमसाला आणि तंबाखूच्या दोन वेगळ्या पुड्या घेऊन हातावर मिसळणारे आपण रोज पाहतो. आजीची मशेरी हीसुद्धा तंबाखूच. आणि तंबाखू नसलेली सुपारीदेखील कॅन्सरला कारण होते.

पूजेत आपण सुपारीलाच गणपती मानतो. तिची जागा पाटावर, अक्षतांवर आहे. ती तिथेच असू द्या, गालात नको.

गणपती बाप्पा मोरया!