हाताच्या कंपाआधी येणारी उदासी

(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'आयटी क्षेत्रातील संधी' असा विषय दिला होता. त्यावर माझ्यापेक्षा चांगलं बोलणारे आपल्याच तुकडीत चारजण बसलेत. म्हणून मी विषय बदलून मागितला. आपण सगळे आता पंचेचाळिशी ओलांडलेले आहोत आणि आपले आईवडील सत्तरीच्या पुढे. सकाळी चहाच्या वेळी आम्ही मैत्रिणी गप्पा मारत होतो. मुलांच्या परीक्षा दोन मिनिटांत संपल्या आणि पुढचा अर्धा तास सासूबाईंचं विसरणं, वडिलांचं चालणं, आईची झोप यावरच गेला. तेव्हा हा विषय माझ्या एकटीचा नाही.

आपल्यातले बरेच जण माझ्या बाबांना ओळखतात. ते वाईच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. शाळा सुटल्यावर मेणवली-धोमची गाडी पकडायला तुम्ही धावत सुटायचात, तेव्हा लाउडस्पीकरवरून फलाटाचा नंबर सांगणारा आवाज त्यांचा. तो आवाज आम्हाला घरीही पुरायचा! या माणसाला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी पार्किन्सन्सचं निदान झालं. पुढे नऊ वर्षं आजार होता. दोन वर्षांपूर्वी ते गेले.

पार्किन्सन्स म्हटलं की आपल्याला हाताचा कंप आठवतो. आपल्याकडे त्याला कंपवातच म्हणतात. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी १८१७ साली या आजारावर निबंध लिहिला. त्यात सहा रुग्णांचं वर्णन होतं आणि त्यातले काही तर त्यांनी फक्त रस्त्यात पाहिलेले होते. बाहेरून जे दिसतं ते त्यांनी फार बारकाईने टिपलं, पण या आजारात बुद्धी शाबूत राहते असं त्यांचं मत होतं. आज आपल्याला माहीत आहे की गोष्ट इतकी सोपी नाही. मेंदूच्या तळाशी सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा एक छोटासा भाग असतो. तिथल्या पेशी डोपामिन हे रसायन तयार करतात, आणि या आजारात त्या हळूहळू मरत जातात. हात थरथरायला लागतो तोवर त्यातल्या निम्म्याच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त पेशी गेलेल्या असतात. म्हणजे आजार आधीच काही वर्षं घरात राहायला आलेला असतो. त्या काळात तो वेगळ्याच रूपांत दिसतो. वास येईनासा होतो, बद्धकोष्ठता होते, झोपेत माणूस हातपाय झाडतो, ओरडतो. आणि कित्येकांच्या बाबतीत, उदासी येते.

बाबांचं तसंच झालं. कंप दिसायच्या दोन वर्षं आधी त्यांचं संध्याकाळी घाटावर जाऊन बसणं बंद झालं. पेपर घडी न मोडता तसाच पडून राहायला लागला. नातेवाईक म्हणाले, रिटायर झाल्यावर असं होतंच. कोणी म्हणालं, त्यांना कशात तरी गुंतवा. कोणी म्हणालं, मन खंबीर करा. सगळे प्रेमानेच सांगत होते. पण त्या सगळ्या सल्ल्यांचा अर्थ एकच निघत होता, की हा माणूस कुठेतरी कमी पडतोय.

मला आज मुख्य हेच सांगायचं आहे. पार्किन्सन्समधलं नैराश्य हे फक्त 'आजार झाला म्हणून आलेलं दुःख' नसतं. ते दुःख असतंच, कोणाला होणार नाही? पण त्याखेरीज, डोपामिनबरोबर सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन या रसायनांच्या यंत्रणाही या आजारात बिघडतात, आणि मनःस्थिती सांभाळण्यात या तिन्हींचा हात असतो. म्हणजे कंप हे जसं आजाराचं लक्षण, तशीच उदासी हेही आजाराचं लक्षण. साधारण दर तीन रुग्णांपैकी एकाला तरी नैराश्याचा त्रास होतो. कंप थांबव म्हणून आपण कोणाला रागावत नाही. मग उदास राहू नकोस म्हणून का रागावतो?

यात आणखी एक मेख आहे. या आजारात चेहऱ्याचे स्नायू ताठर होतात, पापण्या कमी मिटतात, चेहरा मुखवट्यासारखा होतो. आवाज बारीक होतो. अख्ख्या स्टँडला ऐकू जाणारे आमचे बाबा शेजारच्या खोलीतल्या आईला हाक मारायचे ती तिच्यापर्यंत पोचायची नाही. अक्षरही बारीक होत जातं. पेन्शनच्या कागदावरची त्यांची सही जुळेना म्हणून बँकेत तीनदा खेटे घालावे लागले. आता असा विचार करा, की चेहरा, आवाज आणि अक्षर या तीनच गोष्टींवरून आपण समोरच्याचं मन ओळखतो, आणि त्या तिन्ही गेल्या. नातवाचं पहिलं बक्षीस पाहून बाबा आतून खूश असायचे आणि चेहऱ्यावर काही नसायचं. उलट, आत अंधार असायचा तेव्हाही चेहरा तोच! त्यामुळे घरच्यांनी चेहऱ्यावर विसंबून चालत नाही. विचारावं लागतं. आणि विचारल्यावर थांबावं लागतं, कारण उत्तरही उशिरा येतं.

डॉक्टरांनी आम्हाला नोंदी ठेवायला सांगितल्या होत्या. मी संगणकवाली, मला नोंदी ठेवणं तेवढं चांगलं येतं. गोळीची वेळ, जेवणाची वेळ, चालणं कसं होतं आणि मन कसं होतं, असे चार रकाने केले. वहिनी वाईला ते वहीत भरायची आणि मी पुण्यात संगणकावर उतरवून घ्यायचे. तीन आठवड्यांत एक गोष्ट स्पष्ट दिसली. पुढच्या गोळीच्या तासभर आधी बाबांचे पाय जड व्हायचे, आणि नेमकं त्याच वेळी 'आता मला कशाला ठेवलंय' हे वाक्य यायचं. गोळी लागू पडली की दोन्ही ओसरायचं. लेव्होडोपाचा परिणाम संपत येताना शरीराबरोबर मनही खाली येऊ शकतं, हे न्यूरॉलॉजिस्टनी ती नोंद पाहून समजावलं. तीन वेळची गोळी त्यांनी पाच वेळांत विभागून दिली. प्रथिनं जास्त असलेलं जेवण या गोळीच्या आड येतं, म्हणून जेवणाआधी वेळ राखून गोळी द्यायला सांगितली. तरीही उदासीचा मोठा भाग उरलाच. मग मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्याचं औषध सुरू केलं. त्याचा गुण यायला पाच-सहा आठवडे लागले. आजार बरा झाला नाही, तो होणारही नव्हता. पण एका संध्याकाळी बाबा आपण होऊन म्हणाले, "घाटावर जाऊ या." आमच्या घरी त्या वाक्याची किंमत फार मोठी होती.

तिथे एक गंमत कळली. घरात दाराच्या उंबऱ्याशी बाबांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे, पण घाटाच्या पायऱ्या ते धरून धरून नीट उतरायचे. समोर आडव्या रेषा असल्या की अशा रुग्णाला पाऊल उचलायला मदत होते. मग भावाने घरभर फरशीवर काळ्या चिकटपट्ट्या लावल्या. पाहुणे विचारायचे, हे काय? बाबा म्हणायचे, "हा माझा फलाट."

'मिसेस डाउटफायर' हा सिनेमा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. आपला 'चाची ४२०' त्यावरूनच निघाला. त्यातला नट रॉबिन विल्यम्स २०१४ साली गेला तेव्हा त्याने नैराश्यातून जीवन संपवलं एवढंच जगाने ऐकलं. गेल्यानंतरच्या तपासणीत कळलं, की त्याच्या मेंदूत लेवी बॉडी नावाच्या प्रथिनांच्या गाठी सर्वदूर पसरल्या होत्या. पार्किन्सन्सच्याच कुळातला हा आजार. निदान त्याला पार्किन्सन्सचं झालं होतं, पण या दुसऱ्या आजाराचं नाव त्याच्या हयातीत कोणाला कळलंच नाही. २०१६ मध्ये त्याच्या पत्नीने मेंदूविकारतज्ज्ञांच्या नियतकालिकात त्या महिन्यांबद्दल लेख लिहिला. भीती, संशय, झोप न येणं, संवाद पाठ न होणं, हे सगळं वेगवेगळं दिसत होतं आणि मूळ एकच होतं. इतका पैसा आणि इतके डॉक्टर हाताशी असलेल्या घराची ही गत. मग आपल्या घरात कोणी वेगळं वागायला लागलं, तर त्याला 'नाटकं' म्हणण्याआधी क्षणभर थांबावं.

आता सांभाळणाऱ्यांविषयी. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ हा स्वमदत गट आहे. तिथे रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात. मला हे शब्द फार आवडतात. पण शुभंकर हाही माणूसच असतो. माझी आई नऊ वर्षं सलग झोपली नाही. रात्री बाबांना कूस बदलून द्यायची, बाथरूमला न्यायचं. तिची शुगर वाढली आणि ती कोणाला सांगत नव्हती. दारात येणारा प्रत्येक जण विचारायचा, "ते कसे आहेत?" तिला कोणी विचारायचं नाही. दिवसाचा सगळा भार वहिनीवर होता, आणि तिच्या वाट्याला 'सून करतेच की' यापलीकडे काही आलं नाही. शेवटी आम्ही भावंडांनी वर्षातून तीनदा आठ दिवस वाटून घेतले. त्या दिवसांत आई मावशीकडे आणि वहिनी माहेरी. हे उपकार नव्हते, ही व्यवस्था होती. काळजी घेणाऱ्यांना नैराश्य येण्याचं प्रमाणही मोठं असतं. तेव्हा दवाखान्यात दोघांची तपासणी एकाच दिवशी करून घ्या.

काही उपयोगाच्या गोष्टी पटकन सांगते.

साठीनंतर कोणी पहिल्यांदाच दोन-तीन आठवड्यांहून जास्त उदास राहिलं, तर 'वय झालं' म्हणू नका, डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या, कारण त्यांच्या कमतरतेनेही असं होतं. पार्किन्सन्सच्या काही औषधांनी खरेदीचा, जुगाराचा अनावर नाद लागू शकतो. तसं दिसलं तर भांडू नका, डॉक्टरांना सांगा. कुठलंही औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

'जगावंसं वाटत नाही' असं कोणी म्हटलं तर विषय बदलू नका. 'जीव द्यावा असं मनात येतं का' हे सरळ विचारा. विचारल्याने तसं काही डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मोफत आहे. ती शुभंकरांसाठीही आहे.

२०१६ च्या कायद्यानुसार पार्किन्सन्स हा दिव्यांगत्वाच्या यादीत आहे, प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे. पॉलिसी घेताना हे वाचून घ्या. आणि व्यायाम. पुण्यात हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालवले आहेत. ताल कानावर पडला की अडखळणारे पायही उचलले जातात.

शेवटी तुमच्याकडे एक मागणं आहे. आपल्या तुकडीचा व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. त्यावर सकाळी चाळीस 'शुभ सकाळ' येतात. आपल्यातले जे शुभंकर आहेत त्यांची एक छोटी यादी करू या. ज्याला जमेल त्याने महिन्यातून एका घरी दोन तास जाऊन बसायचं, म्हणजे त्या घरची बाई तेवढ्या वेळात बाजारात जाईल, झोपेल किंवा नुसती बसून राहील. दोन तास फार नाहीत. वाईत राहणाऱ्या चौघांनी मघाशी जेवणाच्या पंगतीतच नावं दिली आहेत. सुटी लागल्यावर मीही वाईला येणार आहे, माझं नाव पाचवं लिहा.

सर, बाई, तुम्ही आम्हाला प्रयोगवहीत आधी निरीक्षण आणि मग अनुमान लिहायला शिकवलंत. आजारी माणसाच्या बाबतीतही तोच क्रम ठेवावा, एवढंच म्हणते आणि थांबते.