एका जुवाला दोन बॅटऱ्या

दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा आमच्याकडे राहायला आला, तो बगलेत एक मोटार घेऊन. मोटार खेळण्यातली खरी, पण हसण्यावारी न्यावी अशी नव्हे. हातभर लांब, चारी चाकांना स्प्रिंगा, आणि मैदानावर सोडली की सायकलवाल्याला सहज मागे टाकील असा तिचा वेग. तुम्ही आम्ही हिला ‘रिमोटची गाडी’ म्हणतो. तिच्या पोटात दोन कप्पे होते आणि दोन्हींत एकेक बॅटरी बसत होती.

एक बॅटरी गाडीबरोबर आलेली, दोन वर्षे वापरलेली. तिच्यावर ४००० मिलिअँपिअर-तास असे छापलेले. तिची जोडीदारीण मध्यंतरी निकामी झाली, म्हणून पोराने साठवलेल्या पैशांतून नवी एक घेतली. दुकानात त्या वेळी ५००० ची मिळाली, ती घेतली. “जास्त आहे ते चांगलंच ना, मामा?” असे तो म्हणाला, आणि मीही मान डोलावली. हे आधीच कबूल केलेले बरे, कारण आयुष्यभर मुलांना विद्युत्प्रवाह शिकवून माझी ही तऱ्हा!

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडीने मैदानात मान टाकली. घरी आणून झाकण उघडले तो जुनी बॅटरी उशीसारखी फुगलेली आणि हात लावू नये इतकी तापलेली. नवी मात्र जेमतेम कोमट. “पण गाडीत तर सेल संपायच्या आधी बंद पडायची सोय आहे. मग ही बिघडली कशी?” असे भाच्याने विचारले. प्रश्न रास्त होता, आणि तुमच्या घरी अशी गाडी असेल तर त्याचे उत्तर तुम्हांलाही उपयोगी पडेल.

या बॅटऱ्या लिथियम-पॉलिमर जातीच्या. मुले त्यांना ‘लायपो’ म्हणतात. प्रत्येक पुडक्यात दोन सेल असतात. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्ट दाखवतो, सरासरी ३.७ धरतात, आणि ३ व्होल्टच्या खाली त्याला जाऊ द्यायचे नाही, असा दंडक आहे. दोन सेलांचे पुडके म्हणून ७.४ व्होल्टचे. अशी दोन पुडकी एकामागे एक जोडली, म्हणजे शाळेच्या पुस्तकात जिला एकसर जोडणी म्हणतात तशी, की १४.८ व्होल्ट होतात. मोठ्या गाड्यांत हीच पद्धत आहे. ट्रॅक्सस कंपनीची एक्स-मॅक्स नावाची दांडगी गाडी आहे, तिला १४.८ व्होल्टच्याच दोन बॅटऱ्या लागतात.

एकसर जोडणीत दाबाची बेरीज होते, पण प्रवाह सगळ्यांतून एकच वाहतो. नव्या बॅटरीतून २० अँपिअर जात असतील तर जुनीतूनही २० च जाणार. तिची कुवत आहे की नाही, हे विचारायला कोणी थांबत नाही. ५००० ची बॅटरी २० अँपिअरने पाव तास पुरते. ४००० ची बारा मिनिटे पुरायला हवी. पण ही दोन वर्षांची, तिच्या अंगात ३,४०० च्या आसपासच त्राण उरले असावे. म्हणजे दहा मिनिटांत तिचा खेळ आटोपला. पुढे काय झाले, तेच महत्त्वाचे आहे.

जुवाला एका बाजूस तरणा खोंड आणि दुसऱ्या बाजूस थकलेला बैल जुंपला, तर थकलेला बैल शेवटी बसकण मारतो आणि गाडीवानाला उतरावे लागते. सेलला बसकण मारता येत नाही. जोडीदारात जोर आहे तोवर तो याच्यातूनही प्रवाह ओढून नेतच राहतो.

मग ती बंद पडायची सोय कुठे गेली? ती होती, आणि आपले काम चोख करीत होती. मोटारीचा वेग सांभाळणारी जी पेटी असते, तिला स्पीड कंट्रोलर म्हणतात. ती बॅटरीचा दाब मोजते आणि सेलमागे साधारण ३.२ व्होल्ट उरले की गाडी थांबवते. चार सेलांचे १२.८ झाले. पण ती मोजते ती फक्त बेरीज! नव्या बॅटरीचे ७.२ आणि जुनीचे ५.६ मिळूनही १२.८ च होतात. पेटीच्या हिशेबी सगळे आलबेल, सेलमागे ३.२. प्रत्यक्षात जुनीतले सेल २.८ पर्यंत घसरलेले. घरी येऊन मीटर लावला तेव्हा विसावलेली जुनी बॅटरी ६.१ दाखवीत होती आणि नवी ७.५. एका सेलात ३.०, दुसऱ्यात ३.१. लिथियमचा सेल ओझे उतरताच थोडा वर येतो; म्हणजे धावताना तो याहून खाली गेलेला होता, हे उघड आहे.

सेल असा वरचेवर खाली ओढला गेला की आतल्या द्रव्याचे विघटन होऊन वायू सुटतो, आणि पाकीट मऊ असल्यामुळे ते फुगते. फारच खाली गेला तर आतल्या तांब्याच्या पत्र्यातले तांबे विरघळू लागते, आणि पुन्हा चार्ज करताना ते भलत्याच जागी बसून आतल्या आत शॉर्ट होऊ शकते. म्हणून अशा बॅटरीची आग पुष्कळदा मैदानात लागत नाही. ती घरात, चार्जरवर लागते, आणि तेव्हा आपण शेजारच्या खोलीत जेवत असतो.

जुन्या सेलाची आणखी एक खोड असते. वयाबरोबर त्याचा अंतर्गत रोध वाढतो. समजा, नव्या बॅटरीचा रोध ओहमचा ५ हजारांश आहे आणि जुनीचा १५ हजारांश. गाडी उसळी घेताना ५० अँपिअर वाहिले, तर नवीत साडेबारा वॅट उष्णता होते आणि जुनीत साडेसदतीस. एक कोमट आणि एक कढत, त्याचे कोडे इथे सुटते. तेव्हा दोन्हींवर ४००० छापलेले आहे एवढ्यावर जोडी जमली असे समजू नका.

हे सगळे नवे मुळीच नाही. विजेरीत दोन जुन्या सेलांबरोबर एक नवा घालू नये, हे आमच्या आईलाही ठाऊक होते. १९८० च्या दशकातल्या गाड्यांत निकेल-कॅडमियमचे सहा सेल मिळून ७.२ व्होल्टचे पुडके असे, आणि त्यातला एखादा दुबळा निघाला तर बाकीचे पाच त्याचे ध्रुवच उलटवून टाकीत. पुढे निकेल-मेटल हायड्राइडचे सेल आले, त्यांचीही तीच कथा. फरक इतकाच की ते बिचारे मुकाट मरत. लिथियम पेट घेतो.

आता कोणी चतुर म्हणेल, एकसर नको तर समांतर जोडू. त्यात दाब तोच राहतो, कुवतींची बेरीज होते, आणि गंमत म्हणजे इथे ४००० आणि ५००० एकत्र चालतात. मात्र दोन्हींची जात एक हवी, सेलांची संख्या एक हवी, आणि जोडते वेळी दोन्हींचा दाब सारखा हवा. एक भरलेली ८.४ ची आणि दुसरी धावून आलेली ७.० ची जोडलीत, तर मध्ये १.४ व्होल्टचा फरक पडतो. दोन्हींचा मिळून रोध २० हजारांश धरला तरी ७० अँपिअर एकीतून दुसरीत धावतील, गाडी जागची हलली नाही तरीही! घाईच्या माणसाने या वाटेला जाऊ नये.

एकसर जोडायच्या असतील तर दोन्ही बॅटऱ्या एकाच वेळी घ्याव्यात. एकाच जातीच्या, एकाच कुवतीच्या. नेहमी बरोबर वापराव्यात आणि बरोबर विसावू द्याव्यात. एक गेली तर दुसरीला नवी जोडीदारीण आणू नये. तिला एकच बॅटरी लागणाऱ्या लहान गाडीत घालावी. चार्जरच्या बारीक पांढऱ्या वायरीमुळे एका पुडक्यातले सेल सारखे होतात हे खरे, पण दोन पुडक्यांमधला भेद तिला कळत नाही. तो आपणच मीटरने पाहायचा.

फुगलेली बॅटरी टोचू नका, दाबू नका, आणि ‘एकदा चार्ज करून पाहू’ म्हणून तर मुळीच पाहू नका. आम्ही ती वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात घालून रात्रभर अंगणात ठेवली आणि सकाळी ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर नेऊन दिली. २०२२ च्या नियमांप्रमाणे बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी त्या बाजारात आणणाऱ्यांवर आहे. घरच्या केराच्या बादलीत त्यांना जागा नाही.

भाच्याला पाडव्याला नवी जोडी मिळाली. मान डोलावल्याचा दंड म्हणून पैसे मी भरले. त्याने पांढऱ्या रंगाने एकीवर ‘सर्जा’ आणि दुसरीवर ‘राजा’ लिहिले, आणि एका वहीत प्रत्येक फेरीनंतर दोघांचे आकडे टिपू लागला. परवा त्याचा फोन आला. “मामा, राजा आज सर्जापेक्षा ०.१ ने कमी दाखवतोय. चालेल का?”

मी म्हटले, “बेरीज नको सांगूस. सेलगणिक आकडे वाच.”